बर्क की कम्प्लीट पिअरेज? साहेबांची कुळं शोधणाऱ्यांसाठी

ब्रिटिश सरदार घराण्यांची वंशावळ काढायला घेतली की आज ना उद्या हा प्रश्न येतोच. पिअर म्हणजे ड्यूकपासून बॅरनपर्यंतचे किताबधारी सरदार, आणि त्यांच्या वंशावळींचे बर्क आणि कम्प्लीट पिअरेज हे दोन मोठे ग्रंथ: यांतला आधी कोणता उघडायचा? बॅरन हा पिअरांतला सर्वांत खालचा दर्जा; बॅरोनेट पिअर नसतो, पण त्याचा ‘सर’ हा किताबही वंशपरंपरेने चालतो. डेब्रेट हा त्याच जातीचा तिसरा ग्रंथ मुद्दाम बाजूला ठेवला आहे, कारण त्याला जिवंत माणसांत रस आणि आपल्याला बहुधा मेलेल्यांत.

जाणकाराला विचाराल तर उत्तर ठरलेलं: कम्प्लीट पिअरेज. ती बाजू भक्कम आहे, यात वाद नाही. लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समधला (कुलचिन्हं आणि वंशावळी नोंदणारी ही संस्था) जॉर्ज एडवर्ड कोकेन हा तिचा मूळ कर्ता. स्वतःचं नाव तो ‘जी. ई. सी.’ एवढंच घालायचा, म्हणून ग्रंथालाही तेच नाव पडलं. १८८७ ते १८९८ या काळात पहिली आवृत्ती आठ खंडांत निघाली. १९१० पासून त्याच्या भाच्याने, विकरी गिब्जने, दुसरी हाती घेतली आणि ती पुरी व्हायला १९५९ उजाडलं. पुढे १९९८ मध्ये निव्वळ दुरुस्त्यांचा एक खंड आला. विधान केलं की आधार द्यायचा, ही शिस्त. आणि तळटीपा! कोण किती कर्जबाजारी होता, कोणाची बायको कोणाबरोबर पळाली, कोणाच्या पूर्वजाची कथा बनावट, सगळं बारीक टायपात आणि अगदी गंभीर चेहऱ्याने. मूळ मजकूर सोडून नुसत्या तळटीपा वाचत संध्याकाळ कशी जाते ते कळत नाही.

बर्कची पत्रिका त्यापुढे जरा उतरतीच. जॉन बर्कने १८२६ मध्ये पहिली आवृत्ती काढली. माहिती बरीचशी घराण्यांनी स्वतःच पुरवलेली. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांसारखाच प्रकार, आणि खोडही तीच: ज्याने त्याने आपला मूळ पुरुष शक्य तितका मागे आणि शक्य तितका शूर नेऊन ठेवलेला. एकोणिसाव्या शतकातल्या आवृत्त्या वाचल्या तर हेस्टिंग्जच्या लढाईत (१०६६) इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमच्या बाजूने इतके लोक उभे असावेत की पलीकडे लढायला कोणी उरलं कसं, असा प्रश्न पडतो. इतिहासकार एडवर्ड फ्रीमनने १८७७ मध्ये यावर झोड उठवली, मग वंशावळींचा अभ्यासक होरेस राउंड याने एकेक घराणं घेऊन सालं काढली. विसाव्या शतकातल्या संपादकांनी बरीच साफसफाई केली, हे बर्कच्या बाजूने सांगायला हवं.

इथवर वाचून कोणीही कम्प्लीट पिअरेजच निवडेल. मीही तिथूनच सुरुवात केली होती. गाडी अडली ती एल्फिन्स्टनपाशी.

मुंबईकराला हे नाव कॉलेजवर भेटतं, २०१८ मध्ये प्रभादेवी झालेल्या स्टेशनावर भेटायचं, आणि जुन्या कागदांत एल्फिन्स्टन सर्कल म्हणून भेटतं, म्हणजे आजचं हॉर्निमन सर्कल. माणसं मात्र दोन. कॉलेजचा तो माउंटस्टुअर्ट: पेशव्यांच्या दरबारातला रेसिडेंट आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. स्टेशनाचा आणि सर्कलचा तो जॉन: तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर. दोघे काका-पुतणे. ही गल्लत इतकी सर्रास होते की नातं एकदा नीट मांडून ठेवावं म्हणून मी कम्प्लीट पिअरेज उघडली.

अकरावा लॉर्ड, बारावा, तेरावा, सगळे ओळीने हजर. जन्म, नेमणुका, लग्न, मृत्यू. जॉन आहे. माउंटस्टुअर्टला मात्र स्वतःचा परिच्छेद नाही. ज्याने पेशवाई बुडताना पाहिली, ज्याच्या नावाशिवाय पश्चिम भारताचा इतिहास लिहिता येत नाही, तो या ग्रंथाच्या हिशेबी मोजण्याजोगाच नाही, कारण तो अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा. ग्रंथाचा नियमच तसा आहे. किताब ज्याने धारण केला तो, त्याच्या बायका आणि पुढचा वारस, एवढंच. बाकीची मुलंबाळं गाळायची. धाकटा मुलगा दिसतो तो एकाच कारणाने: पुढे कधी थोरली शाखा खुंटून किताब त्याच्या वंशात आला तर, आणि तेव्हाही नुसता जोडणारा दुवा म्हणून.

आता तेच पान बर्कमध्ये काढा. दहाव्या लॉर्डखाली त्याची सगळी मुलं, त्यांच्याखाली त्यांची. अकराव्याच्या मुलांत माउंटस्टुअर्ट चौथ्या नंबरवर आहे आणि पुढे शेरा आहे, अविवाहित, १८५९. शेजारच्या फांदीवर त्याचा चुलता विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन, ईस्ट इंडिया कंपनीचा डायरेक्टर. घरातल्या पोरांची भारतात वर्णी कशी लागली असेल, याचा अंदाज तिथेच यायला लागतो. या विल्यमचा मुलगा म्हणजे जनरल एल्फिन्स्टन, ज्याच्या हाताखालची फौज १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना कापली गेली आणि जो स्वतः अफगाणांच्या कैदेत मेला. म्हणजे पुण्याचा रेसिडेंट आणि काबूलचा जनरल सख्खे चुलतभाऊ. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. पान डोळ्यांसमोर होतं म्हणून दिसलं. आणि पुढे १८६१ मध्ये किताब गेला तोही याच डायरेक्टर चुलत्याच्या नातवाकडे, पंधरावा लॉर्ड म्हणून.

हा काही एकट्या एल्फिन्स्टनांचा अपवाद नाही. इस्टेट आणि किताब थोरल्याकडे जाणार, मग धाकट्यांनी करायचं काय? सैन्य, आरमार, चर्च, नाहीतर कंपनीची नोकरी. भारतात आले ते बहुतांशी धाकटे, किंवा धाकट्यांचे धाकटे. ज्या माणसांसाठी मराठी वाचक ही पुस्तकं उघडणार, नेमकी तीच कम्प्लीट पिअरेजच्या नियमात बसत नाहीत. तुमचा विषय ट्यूडर काळातले, म्हणजे सोळाव्या शतकातले, ड्यूक असतील तर ही अडचण तुम्हाला जाणवणारही नाही. मला ती दर पानावर जाणवली.

अर्थात बर्कचा स्वतःचा एक मोठा दोष आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. किताब बुडाला की घराणं पुढच्या आवृत्तीतून जातं. ग्रँट रोड ज्याच्या नावाचा, तो गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट, १८३८ मध्ये दापोडीला वारला. त्याचा भाऊ चार्ल्स लॉर्ड ग्लेनेल्ग झाला होता. चार्ल्स १८६६ मध्ये अविवाहित गेला आणि किताब त्याच्याबरोबर संपला. त्यानंतरच्या बर्कमध्ये ग्लेनेल्ग शोधायला जाल तर हात हलवत परत याल. कम्प्लीट पिअरेजमध्ये तो आहे, कारण तिथे जिवंत, बुडालेले, वादात अडकलेले सगळेच किताब घेतले आहेत. पण तिथेही भेटतो तो चार्ल्स. रॉबर्ट हवा असेल तर १८६६ च्या आधीचा बर्कच काढावा लागतो. म्हणून बर्क वापरायचा तो एक पुस्तक म्हणून नव्हे, माळ म्हणून. १८४७ पासून तो बराच काळ दरवर्षी निघत होता. तुमचा माणूस ज्या दशकात हयात होता त्या दशकातली एक आवृत्ती आणि विसाव्या शतकातली एक, अशी जोडी ठेवली की बहुतेक काम भागतं. जुन्या आवृत्त्या इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतात. स्कॅन कधी कधी तिरके असतात, पण अक्षर लागतं.

बर्कची मांडणी डोळ्यांना त्रास देते, हेही मान्य. जुन्या आवृत्त्यांत आधी सगळे मुलगे, मग सगळ्या मुली, त्यामुळे भावंडांचा खरा क्रम तारखा जुळवून आपणच लावायचा. कंसातले आकडे आत आत जात राहतात, चौथ्या पिढीला पोचेपर्यंत आपण कोणत्या फांदीवर आहोत हे विसरायला होतं. मी पेन्सिलने समासात रेघा मारत जातो. ‘डी.एस.पी.’ दिसलं की निःसंतान गेला, ‘डी.व्ही.पी.’ दिसलं की बापाच्या देखत गेला. या दोन खुणा पाठ केल्या की निम्मी पानं आपोआप गळतात. मुलींच्या सासरचं नाव मिळतं, त्यांच्या मुलांसाठी मात्र सासरच्या किताबाचं पान उघडावं लागतं.

कम्प्लीट पिअरेज कुठे खरोखर सरस ठरते, तेही सांगतो. हार्बर लाइनवरचं रे रोड ज्याच्या नावाने आहे तो लॉर्ड रे, १८८५ ते १८९० मुंबईचा गव्हर्नर, जन्माने डच होता. घराणं स्कॉटिश मॅके, पण एक शाखा सतराव्या शतकात लष्करी नोकरीच्या निमित्ताने हॉलंडला जाऊन तिथलीच झाली. थोरली शाखा खुंटली तेव्हा किताब समुद्र ओलांडून डच भाऊबंदांकडे गेला. हा उलगडा कम्प्लीट पिअरेज थोडक्यात आणि पुराव्यासकट करते: अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, म्हणून वारस. बर्कमध्ये तोच धागा सगळ्या डच भाऊबंदांच्या गर्दीतून ओढून काढावा लागतो. वारसाहक्क समजून घ्यायचा असेल तर पहिला मान तिचाच. ट्यूडरांच्या आधीच्या कोणत्याही गोष्टीसाठीही तिचाच, आणि तिथे बर्कवर भरवसा ठेवू नये असं मी कोणालाही सांगेन.

स्कॉटिश घराणी असतील तर एक तिसरी वाट आहे, जी या वादात उगाच विसरली जाते. सर जेम्स बालफोर पॉलने १९०४ ते १९१४ मध्ये नऊ खंडांत काढलेलं ‘स्कॉट्स पिअरेज’ धाकट्या मुलांनाही घेतं आणि आधारही देतं. एल्फिन्स्टन आणि रे दोन्ही त्यात आहेत. सगळ्या ब्रिटिश बेटांसाठी असं काही असतं तर हा लेख लिहायची गरज पडली नसती. पण स्कॉटलंडच्या किताबांपलीकडे त्याचा उपयोग नाही, आणि पहिल्या महायुद्धापाशी ते थांबतं.

मुंबईच्या वाचकासाठी आणखी एक बाब बर्कच्या पारड्यात पडते, ती बॅरोनेटांची. कोकेनने बॅरोनेटांवरही पाच खंड लिहिले, पण ते १८०० पर्यंत निर्माण झालेल्या किताबांपुरतेच. सर जमशेटजी जीजीभाईंना बॅरोनेट केलं १८५७ मध्ये. म्हणजे ते, दिनशॉ पेटिट आणि त्यांच्यामागून आलेले मुंबईचे सगळेच बॅरोनेट त्याच्या कक्षेबाहेर. बर्क बॅरोनेटांना पिअरांच्या बरोबरीने घेतो. जीजीभाईंच्या बाबतीत तर तो लागतोच, कारण १८६० च्या कायद्याने किताबाच्या प्रत्येक वारसाने जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यायचं ठरलं. दुसरे बॅरोनेट मूळचे कर्सेटजी. जुन्या वर्तमानपत्रात नुसतं ‘सर जमशेटजी’ असतं आणि पिढी कोणती ते कळायला मार्ग नसतो. क्रम समोर असला की तारखेवरून माणूस ठरतो.

वेबसाइटी भरपूर आहेत आणि घाईच्या वेळी मीही तिथे डोकावतो. पण त्यांतल्या बऱ्याच नोंदी शेवटी बर्कमधूनच उचललेल्या असतात, म्हणून वेबसाइटीचा दुजोरा हा वेगळा पुरावा धरू नका.

आणि छापील काहीही असो, रक्ताची खात्री कोणताच ग्रंथ देत नाही. २०१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीपुढे स्टिचिलच्या प्रिंगल घराण्याच्या बॅरोनेटपदाचं प्रकरण आलं, तेव्हा डीएनए चाचणीवरून किताब दुसऱ्या शाखेकडे गेला. तोवर पिढ्यान्‌पिढ्या छापून येत असलेला वंशवृक्ष एका ठिकाणी तुटलेला निघाला.

तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्याने, निदान ज्याचा माणूस कंपनीच्या किंवा राणीच्या काळात इकडे आलेला आहे त्याने, आधी त्या काळचा बर्क उघडावा असं मला वाटतं. माणूस सापडला, फांदी कळली, की मग वरच्या टोकाची तपासणी कम्प्लीट पिअरेजवरून करावी. उलट क्रमाने गेलात तर माणूस हाती लागण्याआधीच कंटाळा येईल. तारखांचा पडताळा ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या रेकॉर्डवरून घ्यावा. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदी ‘एन/३’ या क्रमांकाखाली आहेत, आणि ब्रिटिश भारतातल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेच्या फुकट सूचीतूनही बरंच हाती लागतं.

एक गट मात्र दोन्हीकडे हुकतो, अनौरस मुलांचा. लॉर्ड फॉकलंड, १८४८ ते १८५३ चा गव्हर्नर, याची बायको अमीलिया फिट्झक्लॅरन्स ही चौथ्या विल्यम राजाची अनौरस मुलगी. बाप राजा असल्याने तिचं नाव-गाव छापलं गेलं. गव्हर्नरांच्या हाताखालच्या कॅप्टनांना आणि कलेक्टरांना हिंदुस्थानी बायकांपासून झालेल्या मुलांची बर्कला लाज आणि कम्प्लीट पिअरेजला गरज नाही. त्यांच्यासाठी पुन्हा ‘एन/३’ मधले बाप्तिस्मे आणि बापांची मृत्युपत्रं चाळावी लागतात. मृत्युपत्रात त्यांना पैसे ठेवलेले असतात, आडनाव मात्र दर वेळी दिलेलं असतंच असं नाही.