कुत्र्या-मांजरासह घर हलवताना कुठे कुठे फसवतात

पुण्याहून बेंगळुरूला बिऱ्हाड हलवायचं. सामान ट्रकने, माणसं आणि प्राणी आपल्या गाडीने. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर असा राष्ट्रीय महामार्ग ४८ चा साधारण ८४० किलोमीटरचा रस्ता. कागदावर सोपं काम. पण या प्रवासात फसवणुकीची एक ठरलेली वेळ असते, आणि ती सामान चढवून झाल्यावर येते.

फ्लॅट रिकामा झालाय, किल्ली मालकाला दिलीय, कुत्रा गाडीत एसी लावून बसवलाय, मांजर पिंजऱ्यात ओरडतंय. तेवढ्यात पॅकर्सवाल्याचा फोन. "सर, माल जास्त निघाला, सीएफटी (घनफूट) वाढलं. अजून २६,००० टाका, मग गाडी सुटेल." कोटेशन ३२,००० रुपयांचं होतं. ज्याच्याकडे प्राणी नाहीत तो रिकाम्या फरशीवर बसून रात्रीपर्यंत भांडू शकतो. मे महिन्यात धापा टाकणारा लॅब्रॅडॉर घेऊन कोणी भांडत नाही, पैसे टाकतो. समोरच्याला हे आधीच माहीत असतं. कारण सामानाचा अंदाज घ्यायला, सर्व्हेला आलेल्या माणसाने गप्पांच्या ओघात विचारलेलं असतं, "पेट्स आहेत का? तुम्ही त्याच दिवशी निघणार का?"

या दोन प्रश्नांची उत्तरं देऊ नका. ट्रक आदल्या दिवशी भरून घ्या, स्वतः दुसऱ्या दिवशी पहाटे निघा, आणि जुन्या घराची किल्ली एक दिवस जास्त हातात ठेवा. घरमालकाला एका दिवसाचं भाडं द्यावं लागलं तरी द्या.

आता कोटेशनकडे. नेटवर "पॅकर्स मूव्हर्स" शोधून एका साइटवर नंबर टाकला की दहा मिनिटांत सहा-सात फोन येतात. तुमचा नंबर विकला गेलेला असतो. त्यातला सर्वात स्वस्त भाव बहुधा अशा माणसाचा असतो, ज्याच्याकडे ट्रक नाही, गोदाम नाही, फक्त मोबाइल आणि नामांकित कंपनीच्या नावात एक अक्षर इकडेतिकडे करून छापलेलं लेटरहेड आहे. त्याला ओळखायची सोपी जागा म्हणजे जीएसटी क्रमांक. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण क्रमांकातलं सहावं, मालक कोण ते सांगतं: कंपनी असेल तर सी, भागीदारी असेल तर एफ, एकटी व्यक्ती असेल तर पी. लेटरहेडवर "प्रायव्हेट लिमिटेड" आणि सहावं अक्षर पी, असं दिसलं की बोलणं तिथेच संपवा. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकून शोध फुकट होतो. कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, विवरणपत्रं भरलीत का, सगळं दिसतं. "२० वर्षांचा अनुभव" आणि नोंदणी चार महिन्यांपूर्वीची, ही जोडी तर वारंवार भेटते.

कोटेशन वजनावर किंवा घनफुटावर घेऊ नका. सामानाची यादी आणि एकूण रक्कम एकाच कागदावर हवी. "फ्रिज १, सोफा ३+१+१, बॉक्स अंदाजे ४०" आणि खाली ओळ: यादीतल्या सामानाला पॅकिंग, हमाली, जिना, टोल आणि करासह इतके रुपये, वाढ नाही. गाडी किती फुटी (१४, १७ की १९) आणि पूर्ण तुमची की पार्ट लोड (इतरांच्या सामानासोबत), हेही लिहून घ्या. पार्ट लोड स्वस्त असतो, पण सामान आधी वाघोली किंवा फुरसुंगीकडच्या एखाद्या गोदामात उतरतं, मग दुसऱ्या गाडीत चढतं, बेंगळुरूजवळ नेलमंगलला पुन्हा उतरतं. प्रत्येक उतरचढीत मोडतोड आणि अडवणूक, दोन्हीची संधी. पूर्ण गाडी दोन-तीन दिवसांत पोचते. पार्ट लोडला आठवडा-दहा दिवस धरा. फसवणारा पूर्ण गाडीचे पैसे घेऊन पार्ट लोडने पाठवतो. म्हणून निघताना ट्रकचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल आणि बंद दरवाज्याचा फोटो घ्या, आणि नंबर एमपरिवहन ॲपवर टाका. पिवळ्या पाटीची गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली आहे का, फिटनेस आणि विमा चालू आहे का, एवढं पाहायला एक मिनिट लागतं.

बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती, हा सगळ्यात दुर्लक्षित कागद. हमाल घाईत पुढे करतात, आपण सही करतो. तिथे दोन गोष्टी वाचा. पहिली, "पेड" (भाडं दिलं) लिहिलंय की "टू पे" (भाडं पोचल्यावर). पैसे देऊनही "टू पे" असेल तर बेंगळुरूत दारात तीच रक्कम पुन्हा मागितली जाईल. दुसरी, भाड्याचा आकडा. रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ आणि त्याच्या २०११ च्या नियमांनुसार, जास्त किंमत जाहीर करून वेगळा आकार भरला नसेल तर वाहतूकदाराची भरपाईची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, आणि तीही जाहीर किमतीच्या आत. आता तुमच्याकडून ३२,००० घेऊन बिल्टीवर भाडं ५,००० का लिहिलं जातं ते कळेल. दहापट म्हणजे ५०,०००. चार लाखांच्या सामानावर.

विम्याचंही तसंच. "ट्रान्झिट इन्शुरन्स ३ टक्के" म्हणून ४ लाखांवर १२,००० रुपये घेतात आणि पावतीवर शिक्का मारतात. वाहतूकवाल्याचा शिक्का म्हणजे विमा नव्हे. विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक आणि तुमचं नाव असलेलं प्रमाणपत्र ट्रक निघण्याआधी मेलवर आलं पाहिजे. मग विमा कंपनीच्या साइटवरच्या नंबरवर (पावतीवरच्या नव्हे) फोन करून तो क्रमांक खरा आहे का विचारा.

वाटेत येणारा दुसरा फोन बहुधा कोल्हापूरपुढून येतो. "ई-वे बिल नाही म्हणून गाडी धरली, ८,००० दंड." ई-वे बिल म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद; वापरलेल्या घरगुती सामानाला तो लागत नाही, केंद्रीय जीएसटी नियम १३८ च्या परिशिष्टात ती सूट स्पष्ट दिलेली आहे. जकात आणि प्रवेशकर तर २०१७ च्या जुलैपासून इतिहासजमा झालेत. बॉक्सबंद नवा टीव्ही पाठवत असाल तर त्याचं बिल सोबत द्या, बाकी काही नाही. दंड खरा असेल तर त्याची ऑनलाइन पावती असते. "पावतीचा फोटो पाठवा" म्हटलं की बहुतेक दंड आपोआप मिटतात.

घरातली दुसरी गाडी बंद कंटेनरमधून पाठवायची म्हणून पैसे घेतात आणि एखादा पोरगा ती चालवत नेतो. चाव्या देताना ओडोमीटरचा आणि पेट्रोलच्या काट्याचा तारीख दिसेल असा फोटो काढा. फास्टॅगचे मेसेजही बोलतात: खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, कोगनोळी असे एकामागून एक पैसे कापले जात असतील तर तुमची गाडी कंटेनरमध्ये नाही. उघड्या कॅरिअरवर कधी टॅग चुकून वाचला जातो, म्हणून शेवटचा पुरावा ओडोमीटरचाच. ४०-५० किलोमीटर वाढ गोदामापर्यंतच्या फेरीत होते. ८०० वाढले असतील तर उत्तर समोर आहे.

आता प्राण्यांच्या नावाने होणारी लूट. व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ छापलेली पीडीएफ येते: "आंतरराज्य पशू वाहतूक परवाना", एका प्राण्याचे २,८०० रुपये. घरचा कुत्रा किंवा मांजर स्वतःच्या गाडीतून महाराष्ट्रातून कर्नाटकात न्यायला असला परवाना नसतो. जवळ ठेवायचं ते इतकंच: रेबीजसह लसीकरणाची पुस्तिका आणि तुमच्या पशुवैद्याने लेटरहेडवर दिलेलं, प्राणी प्रवासाला तंदुरुस्त असल्याचं प्रमाणपत्र. त्यावर डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक, तारीख, प्राण्याची जात, रंग, वय आणि लसीची तारीख असावी. न पाहता, फोटोवरून प्रमाणपत्र देणाऱ्यापासून लांब राहा.

मांजर उन्हात नको म्हणून ते वेगळं विमानाने किंवा "पेट टॅक्सी"ने पाठवणाऱ्यांसाठी सापळा आणखी पक्का असतो. सुरुवातीचा दर ६,०००. प्राणी ताब्यात गेल्यावर मेसेज सुरू: विशेष पिंजरा हवा, १५,०००, परत मिळतील. मग विमा, तोही परत मिळेल. मग "क्वारंटाइन क्लिअरन्स". प्राणी संगरोधाची (क्वारंटाइनची) सरकारी केंद्रं परदेशातून येणाऱ्या आणि परदेशी जाणाऱ्या प्राण्यांसाठी आहेत. पुणे-बेंगळुरू प्रवासाशी त्यांचा संबंध नाही. "परत मिळणारे" पैसे मागणारा माणूस तुमचं मांजर ओलीस धरून बोलत असतो, हे ओळखा. काही टॅक्सीवाले प्राणी शांत राहावा म्हणून डॉक्टरांना न विचारता झोपेच्या गोळ्या देतात. पग, शिह त्झू, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना आधीच श्वासाचा त्रास. त्यात गुंगी म्हणजे जिवाशी खेळ. शक्य असेल तर मांजर आपल्याच गाडीत घ्या, पिंजरा सीटबेल्टने बांधा आणि त्यावर ओळखीच्या वासाची, न धुतलेली चादर टाका.

हुबळीच्या आसपास रात्रीचा मुक्काम "पेट फ्रेंडली" म्हणून बुक होतो आणि दारात कळतं की कुत्र्याचे वेगळे २,५०० किंवा "खाली पार्किंगमध्ये बांधा". रात्री साडेनऊला तुम्ही दुसरं हॉटेल शोधणार नाही, हे काउंटरवाल्याला पक्कं ठाऊक असतं. बुकिंग करताना हॉटेललाच मेसेज करा: २८ किलोचा लॅब्रॅडॉर आणि एक मांजर खोलीत राहतील, वेगळा आकार किती? उत्तर लेखी येईपर्यंत आगाऊ रक्कम पाठवू नका. नकाशावर दिसणारा फोन नंबर कधी कधी भलत्याचाच असतो. "बुकिंग रद्द झालं, रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कोणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे यायला पिन लागत नाही.

पंक्चरवाल्याचा खेळ जुनाच, पण कुत्रा गाडीत असला की तो हमखास चालतो. एक खिळा असतो. चाक काढून साबणाचं पाणी मारतो, तुम्ही कुत्र्याला पाणी पाजायला वळता, आणि परत येईपर्यंत बुडबुडे पाच ठिकाणी. चार भोकं टोकदार अवजाराने त्यानेच पाडलेली. एकाने चाकापासून हलू नये, दुसऱ्याने प्राणी सांभाळावा. गाडीत हवा भरायचा छोटा पंप असेल तर हळू गळणाऱ्या चाकात हवा मारून पुढच्या मोठ्या पेट्रोलपंपापर्यंत जाता येतं. गाडीखाली तेल गळतंय म्हणून हात दाखवणाऱ्या दुचाकीस्वारासाठी रस्त्याकडेला थांबू नका. टोलनाक्यावर जाऊन पाहा. महामार्गाची मदत १०३३ वर मिळते.

ट्रक खरोखर अडवला गेला, तर हातात काय असतं? पहिलं, वेळ. म्हणून प्राण्यांचं आठवड्याचं सामान ट्रकमध्ये कधीही चढवू नका. लॅब्रॅडॉरला रोज ३५० ग्रॅम म्हणजे ७ दिवसांचं अडीच किलो कोरडं खाणं, मांजराची ५ किलो वाळू आणि ट्रे, औषधं, भांडी, एक गादी. हे डिकीत असेल तर तुम्ही नव्या रिकाम्या घरात आठ दिवस काढू शकता, आणि समोरच्याची घाई तुमच्यापेक्षा वाढते, कारण गाडी अडकून त्याचं भाडं बुडतंय.

दुसरं, लेखी भाषा. फोनवर भांडू नका. मेसेज करा: ठरलेले ३२,०००, दिलेले १०,०००, उरलेले २२,००० सामान उतरल्यावर लगेच देतो; वाढीव मागणी मान्य नाही. वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका. मग पोलिसांना ११२ वर फोन. सामान सोपवून घेतलेल्या वाहतूकदाराने ते दाबून ठेवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(३) लागू शकतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. तक्रारीत हे कलम लिहिलं की "हा तुमचा आपसातला व्यवहार आहे" असं सांगून परत पाठवणं पोलिसांना अवघड जातं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर पहिल्या तासातच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर कळवा, म्हणजे समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. मोडतोड किंवा गहाळ सामानासाठी मात्र वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेली पाहिजे. नंतर दावा टिकत नाही.

सामान उतरतानाही एक सही बाकी असते. ड्रायव्हर दारात उभा, कुत्रा भुंकतोय, "साहेब, सही द्या, पुढं लोड आहे." त्या कागदावर "सर्व सामान सुस्थितीत मिळाले" असं आधीच छापलेलं असतं. ती ओळ पेनाने खोडा. खाली तारीख, वेळ आणि बॉक्सची मोजलेली संख्या घालून लिहा: "बॉक्स न उघडता ताबा घेतला, तपासणी बाकी." मग सही, मग कागदाचा फोटो, आणि सगळ्यात शेवटी उरलेले २२,०००.