मालवण बंदराजवळची खानावळ : वाढप्याला पाच तारे

सुरमई ताजी, सोलकढी मात्र पांचट. तारे दिलेत ते वाढप्याला.

काकांच्या घशात कोंबडी-वड्याचा घास अडकला. ना आवाज, ना खोकला, ओठ काळेनिळे. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्याने माझा हातच धरला. "पाणी देव नको!" काकांना पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच दणके. काही नाही. मग मागून मिठी, बेंबीच्या वर मूठ, आत आणि वर हिसके. तिसऱ्याला घास थेट ताटात! तोवर मालकांनी १०८ फिरवला होता.

पोरगा सीझनला तारकर्लीत स्कूबाच्या बोटीवर असतो, तिथे शिकला. पोटाला हिसके बसल्यामुळे काकांना डॉक्टरांकडे दाखवून आणलं. परतताना म्हणतात, "उरलेले वडे बांधून घेतलेस ना?"