डोटा स्कॅन: चित्र उत्तम, नोंदणी ढिसाळ

माझ्या वडिलांच्या यकृतात गाठी असल्याचे साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसले, बायोप्सीत त्या न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या) प्रकारच्या ठरल्या, परंतु मूळ गाठ कोठे आहे हे कळेना. म्हणून डॉक्टरांनी गॅलियम-६८ डोटाटेट पेट-सीटी, म्हणजेच डोटा स्कॅन, सांगितला. पुण्यातील एका खासगी केंद्रात तो करून घेतला.

अशा बहुतेक गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही (त्याला पकडणारे रेणू) मोठ्या संख्येने असतात आणि शिरेतून दिलेले किरणोत्सारी औषध नेमके त्यांनाच जाऊन चिकटते. सीटीला न दिसलेली, लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील मूळ गाठ या स्कॅनमध्ये स्पष्ट उजळली. याच कामासाठीच्या पूर्वीच्या ऑक्ट्रिओस्कॅन या तपासणीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागे. येथे इंजेक्शननंतर सुमारे तासाभराने रुग्णाला यंत्रात घेतात.

तक्रार नोंदणीविषयी आहे. वडिलांना दर महिन्याला अशा गाठींवरील ऑक्ट्रिओटाइड या औषधाचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन चालू आहे का, हे फोनवर कोणी विचारलेच नाही. ते औषधही त्याच ग्राहींना धरत असल्याने स्कॅन पुढच्या डोसच्या अगदी आधी ठेवण्याची पद्धत आहे. आम्ही साताऱ्याहून पहाटे निघून पोहोचलो, तेव्हा फाईल पाहणाऱ्या डॉक्टरांच्या हे लक्षात आले आणि आम्हाला जवळजवळ तीन आठवड्यांनी पुन्हा यावे लागले.

दुसऱ्या खेपेला दीड तास खोळंबा झाला, पण त्याचा राग धरण्यात अर्थ नाही. गॅलियम-६८ चे अर्धायुष्य अवघे ६८ मिनिटांचे असल्याने ते साठवून ठेवता येत नाही, जर्मेनियम-६८ च्या जनरेटरमधून (जर्मेनियमपासून गॅलियम मिळवून देणाऱ्या उपकरणातून) काढून औषध त्याच वेळी तयार करावे लागते. मात्र या औषधासाठी उपवासाची गरज नसताना सत्तरीच्या माणसाला उपाशी का बसवले, याचे उत्तर काउंटरवर मिळाले नाही.

अहवाल मात्र काळजीपूर्वक लिहिलेला होता. घरी सीडी लावून पाहताना प्लीहा आणि मूत्रपिंडे झळकताना दिसली व आमचे धाबे दणाणले. ती चमक नैसर्गिक असल्याचे अहवालात स्पष्ट नमूद होते. गाठी हे औषध किती शोषतात ते सांगणारी क्रेनिंग श्रेणी ४, म्हणजे प्लीहेपेक्षाही अधिक शोषण, नोंदवलेली होती आणि ल्युटेशियम-१७७ उपचारांविषयी, म्हणजे त्याच ग्राहींवाटे गाठींना आतून किरणोत्सार देण्याविषयी, डॉक्टरांनी पहिल्यांदा बोलणे काढले ते याच नोंदीवर बोट ठेवून.