बाळीवेशीतली कडक भाकरी आणि शेंगा चटणी : ७२ किलोमीटर चालून दिलेला अभिप्राय

सोलापूरच्या बाळीवेशीत एका गल्लीच्या तोंडाशी कडक भाकरीचं छोटं दुकान आहे. पाटी नाही. दुपारी गेलात तर आतून भाकरी थापल्याचा आवाज येतो, त्यावरून सापडतं. घरच्या जेवणासाठी इथून भाकरी नेणारे पुष्कळ आहेत. मी लिहितेय ते लांब चालणारीच्या बाजूनं. सोलापूर ते पंढरपूर, मोहोळमार्गे साधारण ७२ किलोमीटर, मी एका दिवसात चालते आणि दर खेपेला आधीची वेळ मोडायचा प्रयत्न करते.

हे वेड लागलं अमेरिकेतल्या बायकांमुळे. हेदर अँडरसननं २०१३ साली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही जवळपास ४,२६५ किलोमीटरची वाट ६० दिवस १७ तासांत पार केली. हिशोब केला तर रोजचे सत्तर किलोमीटर, म्हणजे रोज सोलापूर-पंढरपूर, साठ दिवस. तेही मागे गाडी नाही, मदतनीस नाही. वाटेतल्या गावात जे कुणालाही मिळतं तेवढंच घ्यायचं, बाकी पाठीवर. याला ‘सेल्फ-सपोर्टेड’ म्हणतात. अ‍ॅपलेशियन ट्रेल या अमेरिकेतल्याच दुसऱ्या लांब वाटेवरचा टारा डावरचा २०२४ मधला विक्रम मदतनीस घेऊन केलेला आहे, ४० दिवस १८ तास ६ मिनिटं. दोन्ही प्रकारांची नोंद वेगळी ठेवतात आणि ते बरोबरच आहे. माझा भाऊ म्हणाला, “ताई, मी गाडी घेऊन मागं येतो की.” त्याला नको म्हटलं, कारण त्याच्या हातचं पाणी घेतलं की माझी चाल दुसऱ्या प्रकारात जाते.

आता भाकरीकडे येते, कारण वेळ खाण्यातच जातो. जेनिफर फार डेव्हिसनं २०११ मध्ये अ‍ॅपलेशियन ट्रेल ४६ दिवस ११ तास २० मिनिटांत संपवली. २०१५ मध्ये स्कॉट ज्युरेकनं तो विक्रम मोडला, तो ४६ दिवस ८ तास ७ मिनिटांत. फरक तीन तास तेरा मिनिटांचा. ४६ दिवसांवर वाटला तर रोजची जेमतेम चार मिनिटं. पहिल्या खेपेला मी मोहोळला थाळीची वाट बघत पस्तीस मिनिटं बसले होते. हे आकडे वाचल्यावर ती पस्तीस मिनिटं मला फार बोचली.

त्याआधी ऑनलाइन मागवलेली, लांब धावणारे ताकदीसाठी खातात ती गोड जेलची पाकिटं खाऊन बघितली होती. चौथ्या पाकिटाला मळमळायला लागलं. दिवसभर गोड खाणं आपल्या जिभेला झेपत नाही, पोटालाही नाही.

कडक भाकरी इथं उपयोगी पडते. ज्वारीची भाकरी पातळ थापून, तव्यावर फडक्यानं दाबत दाबत ओलावा पूर्ण उडेपर्यंत भाजतात. पाणीच उरत नाही म्हणून ती महिनाभर टिकते, आणि म्हणूनच हलकी असते. पाठीवर फुकटचं पाणी वाहावं लागत नाही. चटणीचा आधार त्याहून मोठा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. इथली चटणी उखळात कुटलेली आहे. मिक्सरची चटणी भुगा होते. ही चिमटीत धरली तर गोळा होऊन राहते आणि बोटाला तेल लागतं. भाकरीचा तुकडा मोडायचा, त्यावर चटणी दाबायची आणि चालता चालता खायचं. घामानं अंगातलं मीठ जातं, ते चटणीतून परत मिळतं. वाटेत लांबोटीला चिवड्यासाठी थांबायचा मोह होतो, तोही मी आता परतीच्या गाडीवर ठेवते.

मागच्या डिसेंबरात पहाटे तीनला सिद्धेश्वर मंदिरापासून निघाले. सहा भाकऱ्या, पाव किलो चटणी, दोन कांदे. जेवायला कुठंही बसले नाही. नामदेव पायरीशी पोचले तेव्हा १४ तास ५५ मिनिटं झाली होती, आधीच्या खेपेपेक्षा पंचेचाळीस मिनिटं कमी.

तक्रारी दोन आहेत. चटणीची पिशवी फार पातळ. तेल झिरपून माझा स्वेटर कायमचा डागला. घरून घट्ट झाकणाचा डबा न्या, त्यात भरून देतात. दुसरं म्हणजे भाकरी ताटाएवढी असते, सॅकमध्ये मावत नाही आणि तिसऱ्या तासाला तिचा चुरा होतो. चुरा मुठीनं खाता येतो, पण चालताना निम्मा रस्त्यावर सांडतो. आणि पाणी बरोबर हवंच, कोरडी भाकरी घशात अडकते. उन्हाळ्यात तिखट कमी घातलेली चटणी मागा. आदल्या दिवशी सांगितलं तर करून देतात.

दहा भाकऱ्या शंभर रुपये, पाव किलो चटणी नव्वद. मला हे स्वस्तच वाटतं.

यंदा जाऊन परत यायचं ठरवलंय, एकशे चव्वेचाळीस किलोमीटर. परवा दुकानातल्या काकूंना विचारलं, तळहाताएवढ्या भाकऱ्या करून द्याल का? त्यांनी माझ्या सॅकचा वरचा कप्पा उघडून आत हात घालून माप घेतलं. म्हणाल्या, “देते की ओ, पण पन्नास तरी घ्यावं लागतील.” पन्नास सांगून आले.