जहाज सुरक्षा अधिकाऱ्याचा अभ्यासक्रम: काही महिने त्या पदावर काम केल्यानंतर

जहाज सुरक्षा अधिकारी, म्हणजे एसएसओ, या पदाचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी एका मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर म्हणून रुजू झालो आणि नौकानयनाच्या कामासोबत सुरक्षेची जबाबदारीही माझ्याकडे आली. त्याला आता बरेच महिने झाले आहेत. अभ्यासक्रमाच्या शेवटच्या दिवशी जो अभिप्राय भरून घेतात, तो शिक्षक कसे बोलतात आणि टिपणे कशी आहेत एवढ्यापुरताच असतो; शिकलेल्यापैकी काय कामाला आले, हे बंदरामागून बंदर केल्यावरच कळते. माझे मत असे की नियम आणि धोक्याचा अंदाज या दोन्ही गोष्टी हा अभ्यासक्रम फार चांगल्या शिकवतो, पण ते नियम किती माणसांच्या बळावर पाळायचे आहेत, हा प्रश्न तो विचारतच नाही. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नमुना अभ्यासक्रमावरच आखणी होत असल्याने बहुतेक ठिकाणी विषय तेच असतात.

नियमांचा भाग रुक्ष असेल असे वाटले होते, तसा तो निघाला नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर झालेल्या हालचाली, डिसेंबर २००२ मध्ये लंडनच्या परिषदेत स्वीकारलेली आयएसपीएस, म्हणजे जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता आणि १ जुलै २००४ पासून झालेली तिची अंमलबजावणी हा क्रम नीट सांगितल्यामुळे कलमे सुटी सुटी राहिली नाहीत. प्रत्यक्षात सर्वांत जास्त उपयोग झाला तो सुरक्षा पातळ्यांच्या, म्हणजे धोक्याप्रमाणे एक ते तीन अशा वाढणाऱ्या दक्षतेच्या, प्रकरणाचा. जहाजाची पातळी ध्वजराष्ट्र, म्हणजे जहाज ज्या देशात नोंदलेले आहे तो देश, ठरवतो आणि बंदराची त्या देशाचे सरकार. बंदराची पातळी जास्त असेल तर जहाजाला आत शिरण्यापूर्वी आपली पातळी तेवढी वाढवावी लागते. उलट जहाजाची पातळी जास्त असेल, तर बंदराने आपली वाढवलीच पाहिजे असे नाही, आणि मग दोन्ही बाजूंनी कोणते उपाय करायचे हे सुरक्षा घोषणापत्रात लिहून सह्या करण्याची वेळ येते. बंदरातील आमच्या एजंटाचा निरोप रात्री येतो, उत्तर सकाळच्या आत द्यायचे असते आणि कप्तान विचारतात, ‘आपल्याकडून काय हवे आहे त्यांना?’ तेव्हा हे डोक्यात पक्के असलेले बरे.

पूर्ण अभ्यासक्रमातील सर्वोत्तम भाग म्हणजे सुरक्षा मूल्यांकनाचा सराव. आम्हांला जहाजाचा आराखडा देऊन, आत शिरण्याच्या जेवढ्या वाटा सुचतील तेवढ्या शोधायला सांगितले होते. गँगवे, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर चढण्याचा जिना, आणि पायलटची शिडी सगळ्यांनी लिहिली. जहाज धक्क्याला बांधायचे मुरिंगचे दोर, नांगराची साखळी जिथून खाली जाते तो हॉजपाइप, इंधन देणारी बंकर बार्ज लागल्यावर समुद्राच्या बाजूने मोकळी राहणारी रेलिंग आणि छुपे प्रवासी जिथे दडून बसतात ती रडरच्या, म्हणजे सुकाणूच्या, वरची पोकळी, एवढे सगळे एकाही गटाला सुचले नाही. जहाजावर आल्यावर मी पहिल्या बंदरात तीच यादी हातात घेऊन बोसनबरोबर, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या प्रमुखाबरोबर, फिरलो. हॉजपाइपचे एक झाकण जागेवर होते, पण ते अडकवायचा बोल्ट गंजून गेला होता, त्यामुळे हाताने ढकलले तरी सरकत होते. कागदावर त्या झाकणापुढे ‘सुस्थितीत’ असे लिहिलेले होते. (योजनेत यापुढे काय आहे ते येथे लिहिता येणार नाही; जहाजाची सुरक्षा योजना गोपनीय असते आणि बंदर तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यालाही ती सहसा उघडून दाखवायची नसते.)

गँगवेवरच्या तपासणीबद्दल मात्र माझे मत संमिश्र आहे. वर्गात एक शिक्षक घाईत असलेला सर्व्हेअर होऊन आला, ओळखपत्र दाखवायला नकार दिला आणि आम्ही त्याला नम्रपणे पण ठामपणे थांबवायचे, असा प्रसंग करून घेतला. तो चांगलाच होता. ‘साहेब, फोन करून वर विचारतो, तोपर्यंत येथेच थांबा’ हे वाक्य खलाशाच्या तोंडी बसायला असा सराव लागतोच. पण एकट्या माणसाला थांबवणे हा सोपा प्रसंग आहे. पाळी बदलताना वीस-पंचवीस स्टिव्हडोर, म्हणजे माल चढवणारे-उतरवणारे कामगार, एकदम वर चढतात, मागून किराणा देणारा माणूस खोके घेऊन उभा असतो, भरती-ओहोटीमुळे गँगवेची उंची बदलायची असते, आणि हे सगळे एकच खलाशी एका हातात नोंदवही आणि दुसऱ्या हातात वॉकीटॉकी धरून पाहतो. ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवून पाहायला त्याला किती सेकंद मिळतात, याचा विचार वर्गात व्हायला हवा होता.

दुसऱ्या सुरक्षा पातळीवर तर हा प्रश्न थेट अंकगणिताचा होतो. संहितेच्या मार्गदर्शनपर भागात पाहुण्यांसोबत माणूस देणे, शांत वेळेत डेकवर जादा फेऱ्या मारणे, आत येण्याच्या वाटा कमी करणे आणि झडत्या वाढवणे असे उपाय सुचवलेले आहेत, आणि ते सगळे योग्यच आहेत. पण वीसएक माणसांच्या जहाजावर, माल चढ-उतार चालू असताना, प्रत्येकाला २४ तासांत किमान १० आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती द्यायची आहे. ही १० तासांची विश्रांतीही जास्तीत जास्त दोनच तुकड्यांत, आणि त्यांपैकी एक किमान ६ तासांचा. मी चीफ ऑफिसरबरोबर बसून तक्ता मांडला तेव्हा, डेकवरची दुरुस्तीची कामे पूर्ण थांबवल्याशिवाय माणसे पुरत नाहीत, हे उघड झाले. कामे थांबवायची परवानगी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडून अगोदरच घेऊन ठेवावी, हे मला वर्गात कोणी सांगितले नाही. एका तासात शिकवण्यासारखी गोष्ट आहे ती.

झडतीचा सराव वर्गात एका खोलीपुरता होता आणि तो तेवढाच राहिला. जहाजावर ज्याची जी जागा, त्यानेच ती तपासावी, हा अनुभव फार लवकर येतो. सरावासाठी टेपने बांधलेले एक खोके मी गॅलीजवळच्या, म्हणजे स्वयंपाकघराजवळच्या, आगीच्या नळीच्या पेटीत (होज बॉक्समध्ये) ठेवले होते. डेकवरचे दोघे त्यावरून पुढे गेले. कूकने मात्र दार नेहमीपेक्षा वेगळे लागले आहे म्हणून उघडून पाहिले. दर तीन महिन्यांनी किमान एक ड्रिल, आणि २५ टक्क्यांहून अधिक नवी माणसे आली तर आठवड्याच्या आत आणखी एक, हा नियम शिक्षकांनी पुन्हा पुन्हा सांगितला होता, त्याबद्दल त्यांचे आभार. एसएसएएस, म्हणजे गुपचूप धोक्याचा संदेश पाठवणारी यंत्रणा, हेही प्रकरण व्यवस्थित झाले. बटण दाबल्यावर जहाजावर काहीच वाजत नाही, म्हणून चाचणीपूर्वी कंपनीला कळवण्याचा क्रम पाठ असावा लागतो.

आमच्या वर्गात बंदर सुविधा सुरक्षा अधिकारी होऊ पाहणारे काही जण काही तासांसाठी आमच्यात बसले होते, आणि ती संस्थेची उत्तम कल्पना होती. खलाशांना किनाऱ्यावर जाऊ देण्याची सोय बंदराच्या सुरक्षा योजनेत असलीच पाहिजे, हे संहितेच्या अनिवार्य भागातच लिहिलेले आहे, हे मला त्यांच्याकडून कळले. काही टर्मिनलांवर दारापर्यंत सोडायला गाडी नाही, एवढ्याच कारणावरून माणसे जहाजावर अडकून पडतात. अशा वेळी आता मी विनवणी न करता कोणत्या कलमाखाली विचारतो आहे ते एजंटाला सांगू शकतो.

सायबर धोक्याला मात्र अर्ध्या तासाहून अधिक वेळ मिळाला नाही. २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्यात मर्स्कसारख्या कंपनीची टर्मिनले ठप्प झाली होती, आणि जीपीएसच्या संकेतांत होणारा हस्तक्षेप आज ब्रिजवर बसणाऱ्याच्या रोजच्या चिंतेचा विषय आहे. त्या मानाने हा भाग तुटपुंजा आहे. एसटीसीडब्ल्यू, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, आग विझवण्याच्या आणि जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाची दर पाच वर्षांनी उजळणी लागते, तशी सुरक्षेच्या प्रमाणपत्राला लागत नाही. त्यामुळे ज्यांनी हा अभ्यासक्रम बऱ्याच वर्षांपूर्वी केला असेल, त्यांनी जहाजावर जाण्यापूर्वी निदान सायबर आणि जीपीएसविषयीचे कंपनीचे ताजे परिपत्रक मागून घ्यावे. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांनी संस्थेला दोनच गोष्टी विचाराव्यात: शिकवणाऱ्यांपैकी कोणी स्वतः एसएसओ म्हणून काम केले आहे का, आणि बंदराच्या बाजूची माणसे वर्गात असतील का.