पहिलं वजन रात्री घेतलं, तिथेच कळायला हवं होतं

वजन उतरवून देणाऱ्या एका ‘कोच’ बाईंकडे एकीचे १३,९६९ रुपये गेले. नोंदणी ४९९, पावडरचे तीन डबे ८,५५०, ‘डिटॉक्स’ चहा १,९२०, त्या बाईंची फी ३,०००. बेळगावातल्या टिळकवाडी-वडगावच्या अशा आम्ही पाच जणी, म्हणजे ६९,८४५ रुपये गेले.

अडाणी नव्हतो आम्ही. पण दर हळदीकुंकवाला ‘किती सुटलीस गं’ ऐकून घेतलेली बाई कुणाचंही ऐकते. त्यात ‘पाच किलो न उतरल्यास पैसे परत’! अट एवढीच, की एकाही दिवशी काट्याचा फोटो चुकता कामा नये. तो चुकतोच.

पहिलं वजन त्या बाईंनी रात्री साडेआठला घेतलं, जेवणानंतर, साडीवर. पुढची सगळी पहाटे, अनशापोटी, गाऊनवर. दीड-दोन किलोचा फरक तिथेच पडतो! काट्याचे फोटो आम्हीच काढत होतो आणि पाचांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

पहिल्या आठवड्यात आणखी उतरतं ते पाणी. भाकरी-भात तोडला की अंगातला ग्लायकोजेन (साखरेचा साठा) संपतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी जातं. चरबी जागच्या जागी. चहात सोनामुखी: जुलाब होऊन पाणी आणि पोटॅशियम जातं, पायात गोळे येतात, छाती धडधडते. त्यावर उत्तर, ‘विष बाहेर पडतंय’. दोघींना रात्री चोरून कुंदा खायचा आणि सकाळी दुप्पट चहा प्यायचा, अशी सवयच लागली. एकीची पाळी तीन महिने आली नाही. असं चोरून खाणं आणि जुलाबाने काढणं हा आजार आहे, मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. आणि भूक एकदम मेली, तोंड कोरडं पडलं, झोप उडाली, तर पावडर त्याच दिवशी बंद करा. भारतात २०११ पासून बंदी असलेलं सिबुट्रामिन हे भूक मारणारं औषध अशा मालात सापडलेलं आहे. डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक हा अन्न परवान्याचा, म्हणजे वजन उतरण्याची हमी नव्हे.

पोलीस म्हणाले, ‘पैसे तुम्हीच दिलेत की.’ बाई कोल्हापूरच्या, म्हणून ‘हद्द आमची नाही’. कोल्हापूरला गेलो तर ‘पैसे बेळगावातून गेलेत, तिकडेच जा’. मराठी अर्ज परत, कन्नडमध्ये आणा. कन्नडमध्ये करून नेला तर साहेब बंदोबस्ताला. सीमेचा भोग इथेही आमच्याच वाट्याला! झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो, हे त्यांना माहीत नाही? हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. पावती घ्याच; आमच्याकडे फक्त यूपीआयचे स्क्रीनशॉट आहेत. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन शक्य तितक्या लवकर करायचा असतो, आम्ही लाजेपायी ४० दिवस घालवले.

आमच्यातल्या एकीचा फोटो अजून त्या बाईंच्या स्टेटसवर ‘७ किलो कमी’ म्हणून फिरतोय. काढा म्हटलं तर नंबर ब्लॉक. तिचे खरे उतरले होते २ किलो १०० ग्रॅम, तेही परत चढले.