पीएमपीचा अर्ज क्लासवाल्याच्या हाती देऊ नका

शिष्यवृत्ती असो, पीकविमा असो की सातबारा, आपल्याकडे कागदांची पिशवी घेऊन ऑनलाइन सेंटरवर जायचं आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मोठ्यानं वाचून दाखवायचा, हे अंगवळणी पडलं आहे. ईमेल नसला तर सेंटरवाला स्वतःचाच टाकून देतो. बाकीच्या फॉर्मांत हे एक वेळ खपून जातं. पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल या प्रमाणपत्र परीक्षेच्या अर्जात मात्र फसवणूक याच वाटेनं आत शिरते.

गिऱ्हाईक ठरलेलं असतं. रस्त्याच्या, पाइपलाइनच्या किंवा खाणीच्या कामावर चार-पाच वर्षं ठेकेदाराकडे राबलेला डिप्लोमा किंवा बीई झालेला पोट्टा. गल्फच्या किंवा पुण्याच्या नोकरीसाठी पीएमपी मागतात हे त्यानं ऐकलेलं असतं. कुठंतरी नंबर टाकला की फोन येतो, "सर, तुमचं प्रोफाइल एलिजिबल आहे." मग पॅकेज सांगतात: क्लास, अर्जासाठी लागणाऱ्या 35 तासांच्या शिक्षणाचं सर्टिफिकेट, अर्ज भरून देणं, परीक्षेची फी आणि पास होण्याची गॅरंटी, सगळं एकाच रकमेत. घरी बाप विचारतो, "पोराचं काम होईन ना बाप्पा?" पलीकडून उत्तर येतं, "काका, टेन्शनच घेऊ नका." कापसाच्या पट्टीचे पैसे तिकडे जातात.

गॅरंटीचं आधी बघू, कारण ती सगळ्यात पोकळ. ही परीक्षा अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय घेते. पास व्हायला किती टक्के लागतात हे ती जाहीरच करत नाही. निकालात गुण नसतात. प्रत्येक विभागात तुम्ही अपेक्षेच्या वर, अपेक्षेइतके, खाली की 'सुधारणा हवी', एवढंच लिहून येतं. तेव्हा '61 टक्क्यांना पास' किंवा 'आमच्या मुलांना 85 पडतात' असं कुणी म्हणालं की तिथंच फोन ठेवावा. अर्ज मंजूर झाल्यापासून एका वर्षात तीनदा परीक्षा देता येते आणि पुढच्या प्रत्येक वेळेची फी वेगळी पडते. गॅरंटीवाले ती कधीच भरत नाहीत.

आता अर्ज. चार वर्षांची पदवी असेल तर प्रोजेक्टचं नेतृत्व केल्याचा 36 महिन्यांचा अनुभव लागतो, डिप्लोमा किंवा बारावी असेल तर 60 महिन्यांचा. पदाचं नाव प्रोजेक्ट मॅनेजर असायलाच हवं असं नाही. पण काम प्रोजेक्टचं हवं. गावात नवी पाणीयोजना उभी करणं हा प्रोजेक्ट, तिचा पंप रोज चालू-बंद करणं नव्हे. एकाच काळात दोन कामं केली तर महिने दुप्पट होत नाहीत. जानेवारी ते जून एक साइट आणि एप्रिल ते डिसेंबर दुसरी, तर हिशेब 12 महिन्यांचा, 15 चा नव्हे. क्लासवाला नेमका इथं हात मारतो. 22 महिन्यांचा अनुभव असलेल्या पोराचे तो 40 करून देतो, आणि प्रोजेक्टचं वर्णन असं चिकटवतो की यवतमाळच्या सिव्हिल इंजिनीअरच्या अर्जात बंगलोरच्या सॉफ्टवेअरची भाषा निघते. पोराला अर्ज दाखवतच नाहीत.

आलेल्या अर्जांतले काही पीएमआय कुठल्याही संशयाशिवाय, चिठ्ठी काढल्यासारखे, तपासणीला काढते. त्याला ऑडिट म्हणतात. नोटीस येते ती फी भरल्यावर, त्यामुळं तोवर क्लासवाल्याचा दुसरा हप्ताही वसूल झालेला असतो. पदवीची प्रत, 35 तासांच्या शिक्षणाचा पुरावा आणि प्रत्येक प्रोजेक्टसाठी तिथल्या वरिष्ठानं अनुभव खरा असल्याचं दिलेलं लेखी, हे सगळं 90 दिवसांत द्यावं लागतं. नोटीस अर्जातल्या ईमेलवर जाते. तो ईमेल क्लासवाल्याचा. तो ती उघडतही नाही, उघडली तरी सांगत नाही, कारण 40 महिन्यांवर सही करणारा साहेब आणणार कुठून? पोट्टा इकडे रात्री जागून मॉक टेस्ट सोडवत बसतो आणि तिकडे मुदत सरून जाते. ऑडिट पूर्ण केलं नाही की वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही. माहिती खोटी निघाली तर दार कायमचंही बंद होऊ शकतं. अर्जातल्या आचारसंहितेला होकार दिला तो पोराच्या नावानं, क्लासवाल्याच्या नव्हे.

म्हणून पीएमआयच्या साइटवरचं खातं स्वतःच्या ईमेलवर स्वतः उघडा. पासवर्ड कुणालाही देऊ नका आणि फी स्वतःच्या किंवा घरच्या कार्डानं थेट पीएमआयच्या साइटवर भरा. 'फी भरली' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो कवडीमोलाचा. भरली असेल तर तुमच्या खात्यात पावती दिसते, मुदतीची तारीख दिसते आणि परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू या कंपनीकडे परीक्षेची वेळ घेता येते. पीएमआयचं सभासद झालं की फी कमी लागते; बिगरसभासदाची फी उकळायची, पोराला गुपचूप सभासद करायचं आणि फरक खिशात घालायचा, ही हातचलाखीही चालते.

नावाचंही सांभाळा. दहावीच्या मार्कशीटवर आपलं आडनाव आधी असतं, पासपोर्टवर नाव-वडिलांचं नाव एकीकडे आणि आडनाव दुसरीकडे. परीक्षेला जे ओळखपत्र न्यायचं, त्यावर आहे तस्संच नाव खात्यात हवं, नाहीतर दारातूनच परत पाठवतात आणि फी बुडते.

35 तासांत मेख साधी आहे. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत 35 तास शिकवणारा माणूस झोपतो तरी कधी? रोज आठ तास धरले तरी चार दिवसांहून जास्त लागतात. अधिकृत प्रशिक्षण भागीदारांची यादी पीएमआयच्या साइटवर असते, तिथं नाव शोधा. माहितीपत्रकावर अजून 'आरईपी'चा, म्हणजे पीएमआयकडं नोंदणी झालेल्या क्लासचा, शिक्का असेल तर तो जुना. ती पद्धत 2020 मध्येच संपली. 200 प्रश्नांच्या मॉक टेस्ट आणि जुन्या पुस्तकातल्या 49 प्रोसेस पाठ करायला लावणाऱ्या नोट्स हाही तसाच शिळा माल. 2021 पासून पेपर 180 प्रश्नांचा आहे, आणि निम्मे किंवा त्याहून जास्त प्रश्न अजाइल-हायब्रिडवर, म्हणजे काम छोट्या टप्प्यांत बदल करत पुढं नेण्याच्या आणि मिश्र पद्धतींवर असतात. अनुभव कमीच असेल तर सीएपीएम ही पीएमआयचीच खालच्या पायरीची परीक्षा द्या. तिला अनुभव लागत नाही, 23 तासांचं शिक्षण पुरतं, आणि ती असली की पुढं पीएमपीला 35 तास दाखवावे लागत नाहीत.

'परीक्षा न देता पीएमपी, पैसे निकालानंतर' हा प्रकार वेगळाच. घरून द्यायच्या परीक्षेत तुमच्या लॅपटॉपवर आधी एक सॉफ्टवेअर टाकतात आणि पेपर दुसराच सोडवतो. पकडलं तर निकाल रद्द. नाही पकडलं तर पासपोर्टची प्रत आणि पुरावा त्यांच्याकडं कायमचा राहतो, मग वसुली सुरू होते.

पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत फुटते. क्लास खराखुरा, पण कबूल केलेलं दिलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. क्लास पुण्याचा असला तरी 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. 'बिनव्याजी हप्ता' म्हणून सही केली असेल तर ते बहुतेकदा एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. नुसता बँकेतला ऑटो-डेबिट बंद केला तर कर्ज तसंच राहतं आणि सिबिल खराब होतो, म्हणून क्लासविरुद्धच्या तक्रारीची प्रत त्या कंपनीलाही लेखी पाठवा, पोच घ्या आणि आयोगात तिलाही पक्षकार करा.